खंडेनवमीचं कुंकू

मशीन आलं तेव्हा अख्ख्या वर्गानं नाकं मुरडली. पोरांना वाटलेलं, मिलिंग मशीन म्हणजे उद्यमनगरातल्या कारखान्यांत असतं तसलं, तेलानं माखलेलं, माणसाहून उंच काहीतरी धूड येणार. आलं ते टेबलावर मावणारं, जुन्या टीव्हीच्या खोक्याएवढं, पुढनं काचेचं झाकण असलेलं. "ह्यो काय मिक्सर आणलाय व्हय?" असं मागनं कोणीतरी ओरडलं, आणि तेव्हापासनं त्याचं नाव मिक्सरच पडलं. एकटी साक्षी तेवढी त्याला मशीन म्हणायची.

साक्षी कांबळे जयसिंगपूरची. वडील बाबासो एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, आई अंजना घरात ब्लाउज शिवायची. पोरगी रोज सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला यायची आणि दिवेलागणीला परत जायची. डिझाइनच्या कोर्सचं शेवटचं वर्ष होतं. ह्या कोर्सातनं पुढं नोकरी कसली लागणार हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण पोरगी काहीतरी बनवायला शिकतेय एवढ्यावर बाबासो खूश होता.

आता ते मशीन काय करायचं? संगणकावर आपण आकार काढायचा, मशीनला द्यायचा, आणि गरागरा फिरणारं कटर ठोकळ्यातनं तेवढाच आकार कोरून काढायचं. ऐकायला लई सोपं. पण मशीनला बिचाऱ्याला ठोकळा कुठं सुरू होतो हेच कळत नसतं. ते आपण सांगायचं. कटरचं टोक ठोकळ्याच्या माथ्याला नेमकं टेकवायचं आणि म्हणायचं, बाबा रे, हे तुझं शून्य, इथनं खाली मोजत जा. हे शून्य चुकलं की सगळं मुसळ केरात. पहिल्याच आठवड्यात एका बहाद्दराचं कटर ठोकळ्यात घुसून मोडलं, आणि दुसऱ्याचं ठोकळ्याच्या वर, नुसत्या वाऱ्यावरच तासभर नक्षी काढत बसलं. जोतीराम सर मशीनचे मास्तर, पण ते स्वतःच मशीनला टरकून असायचे. चोपडं हातात घेऊन लांबनं सांगायचे, हे दाबा, ते दाबा.

साक्षीनंही दोन कटर मोडले. सर बोलले ते खाली मान घालून ऐकून घेतलं आणि घरी जाऊन वडलांना सगळं सांगितलं. बाबासो हसला. म्हणाला, "आम्ही इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट कशानं बघतो म्हाईत हाय? तिकिटानं. फटीत तिकीट सरकवायचं. मोकळं फिरलं तर फट जास्त, अडलं तर झालं." दुसऱ्या दिवशी साक्षीनं आपलं एसटीचं तिकीट ठोकळ्यावर ठेवलं, एका हातानं हलवत राहिली आणि दुसऱ्या हातानं कटर केसाकेसानं खाली आणत गेली. तिकीट हलता हलता अडलं. तिथं शून्य. त्या दिवसापासनं तिचं एकही कटर मोडलं नाही. सरांनी कौतुकानं खोलीची किल्लीच तिच्या हातात दिली. "तूच सांभाळ बाई हे," म्हणाले.

तिकिटाची ही गोष्ट तिनं एकाच माणसाला शिकवली. रूपालीला.

रूपाली मगदूम शाहूपुरीतली. वडलांचं हार्डवेअरचं दुकान, घर जैनांचं, कडक. पहिल्या वर्षी पहिल्याच दिवशी दोघी एका बाकावर बसल्या त्या कायमच्याच. डबा एकत्र. साक्षीची आई लेकीच्या डब्याबरोबर आणखी एक छोटा डबा बांधून द्यायची, कांदा-लसूण न घातलेल्या भाजीचा, रूपालीसाठी. तीन वर्षं, एक दिवस खाडा नाही. आणि साक्षीच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तिची सगळी चित्रं निघायची रूपालीच्या घरच्या कॉम्प्युटरवर. रूपालीची आई राजमतीकाकू चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "दोघींचं लगीन एकाच मांडवात लावूया." कोणाचं काम कुठं संपतं आणि कोणाचं सुरू होतं, हे बघणाऱ्याला कळायचंच नाही. त्या दोघींनाही त्याचं काही वाटायचं नाही.

रूपालीला मशीनची भीती वाटायची. कटर फिरायला लागलं की कानात बोटं घालून मागं सरायची. साक्षीनं तिचा हात धरून तिला शिकवलं. आपलं तिकीट मधनं फाडलं आणि अर्धं तिला दिलं. "हे जपून ठेव. हे अडलं की थांबायचं. घाबरायचं न्हाई."

त्या वर्षी सरांनी सगळ्या वर्गाला एकच काम दिलं. गुळाच्या बारक्या वड्यांचा साचा. ढेपा कोण घेतंय आता, शहरातल्या माणसाला चहापुरती वडी पाहिजे, तिचा साचा करून दाखवा म्हणाले. आणि ज्या विद्यार्थ्याचा साचा पहिला येईल, त्याला पुण्यातली एक कंपनी सहा महिने ठेवून घेणार, वर पगार, आणि काम बरं वाटलं तर नोकरी. एकच जागा.

साक्षीच्या डोळ्यांपुढं दुसरं काही येईना. ती बिद्रीजवळ मामाच्या गुऱ्हाळावर जाऊन बसली. गूळ साच्याला कसा चिकटतो, माणसं साचा आपटून आपटून वडी कशी काढतात, आणि वडीचा कोपरा कसा मोडतो, हे सगळं नीट बघून आली. मग तिनं वडीच्या चारी बाजूंना उतार दिला, म्हणजे साचा पालथा घातला की वडी आपसूक पडावी. आणि वडीच्या पाठीवर मधोमध एक खळगा ठेवला, अंगठा ठेवून दाबलं की मोडेल असा. खळग्याचं माप आईच्या अंगठ्याचं. शिवणाऱ्या बाईचा अंगठा, सुईनं टोचून टोचून राठ झालेला. साक्षीनं तो मळलेल्या कणकेत दाबून घेतला होता आणि आई म्हणाली होती, "माझा अंगठा पुण्याला निघाला म्हणायचा!"

रूपालीनं साच्यात कमळं काढली. पाकळ्या इतक्या नाजूक की कटर आत जाईना. ठोकळा चिरफळला. सरांनी प्रत्येकाला एकेकच ठोकळा दिला होता, मऊ, पिवळसर, खव्यासारखा दिसणारा. मुंबईहून मागवावा लागायचा. रूपालीच्या तोंडचं पाणी पळालं. वर घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली. दिवाळीनंतर इचलकरंजीचे पाहुणे बघायला येणार होते. "पुण्याला लागले तर निदान वरीसभर टळंल गं," ती साक्षीला म्हणाली होती. साक्षीला वाईट वाटलं. तिनं तिच्यासाठी स्टोअरमधनं शोधून एक जुना, कोपरा उडालेला ठोकळा काढून दिला. आणखी काय करणार होती?

आणि खंडेनवमी आली.

आता हे कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात मशीन चालत नाही. लेथ असो, शिलाई मशीन असो, नाहीतर रिक्षा असो, धुऊनपुसून हार घालायचा, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि हात जोडून गप्प बसायचं. त्या दिवशी कोणी बटण दाबलं तर शेजारचा येऊन विचारतो, डोकं ठिकाणावर हाय का?

साक्षीचा साचा जवळजवळ झाला होता. मोठं कोरून झालेलं, नुसता शेवटचा बारीक हात फिरवायचा बाकी. पण त्याला अर्धा दिवस लागणार होता आणि तिला दुपारच्या आत निघायचं होतं. दोन हजार सहाचा तो दसरा. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पुरी होत होती. जयसिंगपूरच्या त्यांच्या गल्लीनं नागपूरसाठी एसटी ठरवली होती, आणि बाबासो वर्षभर त्या एका प्रवासाबद्दल बोलत होता. ठोकळा मशीनवरनं काढला असता तर शून्य गेलं असतं, पुन्हा पहिल्यापासनं जुळवा. न काढावा तर कोणी हात लावला म्हणजे?

"खुळी का काय तू!" रूपाली म्हणाली. "आज खंडेनवमी, उद्या दसरा. मशीनला हात लावायची कोणाची छाती हाय? राहू दे तसाच."

हे अगदी खरं होतं. साक्षीनं ठोकळा तसाच राहू दिला.

पूजा रूपालीनंच केली. शिपाई ज्ञानूमामानं झेंडूचा हार आणलेला, तो मशीनला घातला. वाटीत कुंकू ओलं केलेलं, त्याचं बोट काचेला लावलं, मोटरला लावलं. साक्षी बाजूला उभी राहून बघत होती. तिच्या घरात हे सोडून पन्नास वर्षं झाली होती. तिच्या आज्यानं देव नदीत सोडले ते सोडले. कॉलेजात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणी तिला कधी आग्रह केला नव्हता. पण रूपाली कुंकवाचं बोट घेऊन वळली आणि म्हणाली, "तुझ्या ठोकळ्याला लावू?"

"नको गं. आमच्यात..."

"तुमच्यात नसू दे की. माझ्यात हाय. माझ्या मैत्रिणीचं काम हाय ते, मी लावणार." आणि हसत हसत तिनं ठोकळ्याच्या कडेला, कोपऱ्यात, एक बोट टेकवलं. ठोकळा मऊ. कुंकू आत मुरलं.

साक्षीला राग आला नाही. उलट बरं वाटलं. ही आपल्यासाठी एवढं करते, असं वाटलं. तिनं किल्ली रूपालीच्या हातात दिली, मिठी मारली आणि एसटी गाठली.

नागपूरहून आल्यावर ती थेट कॉलेजात गेली. रूपाली खोलीच्या दारातच बसलेली, डोळे सुजलेले. साक्षीला बघितल्याबरोबर गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागली.

"मी तुझं वाटोळं केलं गं साक्षी. तू येस्तोवर पुरं करून ठेवावं म्हटलं, तुला बरं वाटंल म्हणून. खंडेनवमीलाच मशीन चालू केलं. कटर घुसलं आत. फुटला ठोकळा."

फडक्यात तुकडे होते. पिवळसर, उभे-आडवे चिरलेले. साक्षीनं एकदा बघितले आणि फडकं मिटून टाकलं. तिला बघवेना. इतक्या महिन्यांचा सगळा जीव त्या तुकड्यांत गेला होता. पण पुढं रडणारी मैत्रीण होती, आणि तिला आधी गप्प करायला पाहिजे होतं. साक्षीनं तिचे डोळे पुसले. म्हणाली, "जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस व्हय?"

"सरांना सांगू नको. खंडेनवमीला मशीन चालवलं म्हटल्यावर काढून टाकतील मला. घरी कळलं तर लगेच लगीन लावतील."

"न्हाई सांगत."

आणि ती खरंच सरांकडं गेली आणि म्हणाली, "सर, माझा ठोकळा माझ्या हातनं फुटला." सर हळहळले. एक तळहाताएवढा तुकडा उरला होता तो दिला. त्यात साक्षीनं कशीबशी एकच वडी कोरली. उतार, खळगा, सगळं तेच, पण एकच. रूपाली त्या दिवसांत फारशी दिसली नाही. आपल्या कोपरा उडालेल्या ठोकळ्यावर काम करतेय, घरी पॉलिश करतेय, असं कळायचं. साक्षीला उगाचच बरं वाटायचं, की निदान हिचं तरी होईल.

परीक्षेच्या दिवशी पुण्याचे पाहुणे आले. कंपनीतलेच एक साहेब, डोक्याला टक्कल, बोलायला गोड. टेबलांवर साचे मांडलेले. रूपालीनं आपल्या साच्यावरचं फडकं काढलं.

उतार. खळगे. ओळीनं सगळ्या वड्या. एवढा सुरेख झालेला साचा की साक्षीला पहिल्यांदा नुसता आनंदच झाला, आपलं काम पुरं झालेलं बघितल्याचा. मग तिनं वळून आपल्या टेबलावरच्या एकट्या वडीकडं बघितलं.

"खळगा कशासाठी?" पाहुण्यांनी विचारलं.

"अंगठा ठेवून मोडायला," रूपाली म्हणाली. "घरातल्या बाईच्या अंगठ्याचं माप घेतलंय."

"वा! आणि शून्य एवढं नेमकं कसं साधलं? आमच्याकडं ह्याच्यासाठी वेगळं उपकरण वापरतात."

रूपालीनं पर्समधनं तिकिटाचा अर्धा तुकडा काढला. "एसटीच्या तिकिटानं, सर. हे अडलं की थांबायचं. घाबरायचं न्हाई."

पाहुणे खुशीनं हसले. तिकीट हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं. सरांची छाती फुगली.

साक्षीचे कान तापले. घाबरायचं न्हाई! तिचे स्वतःचे शब्द, तिच्या बापाचं तिकीट, तिच्या आईचा अंगठा. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. फडक्यातले ते तुकडे तिच्या डोळ्यांपुढं आले. एका तुकड्याचा कोपरा आधीच उडालेला होता, तिनंच स्टोअरमधनं शोधून दिलेल्या जुन्या ठोकळ्यासारखा. आणि कुंकू? त्या तुकड्यांवर कुंकवाचा ठिपका कुठं होता?

ती पुढं झाली. कोणी थांबवायच्या आत तिनं साचा उचलला आणि कड वर केली. कोपऱ्यात फिकट लाल डाग होता. पॉलिश कागदानं घासलेला, पण आत मुरलेला, गेला नव्हता.

"सर, हा माझा ठोकळा हाय," ती म्हणाली. "हे कुंकू बघा. खंडेनवमीला मशीनवर माझा ठोकळा हुता. त्याला लावलेलं कुंकू हाय हे."

सर चष्मा पुसायला लागले. "साक्षी, अगं तूच सांगितलंस की मला. तुझ्या हातनं फुटला म्हणून."

"सांगितलंतं सर. हिच्यासाठी सांगितलंतं. विचारा हिला."

सगळ्यांनी रूपालीकडं बघितलं. साक्षीनंही बघितलं, आणि त्या एका क्षणात तिला पुरती खात्री होती, की आता ही बोलणार. कितीही झालं तरी रूपाली आहे ती.

रूपालीचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं साक्षीकडं बघितलं नाही. साच्याकडं बघत, अगदी हळू, समजूत घालावी तसं ती म्हणाली, "साक्षी, तुमच्यात कुंकू लावत न्हाईत की. मग तुझ्या ठोकळ्यावर कुंकू कसं असंल?"

ज्ञानूमामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. सरांनी त्याला विचारलं, कुंकू कोणी लावलंतं? तो म्हणाला, "ह्या मगदूमबाईंनीच लावलंतं. कांबळेबाई बाजूला हुत्या. त्या कुठल्या लावतील?" त्याचंही खरंच होतं. त्या खोलीत त्या घडीला कुणीच खोटं बोललं नव्हतं. रूपालीनं कुंकू लावलं होतं, साक्षीनं ठोकळा फुटला म्हणून सांगितलं होतं, आणि चित्रं रूपालीच्याच कॉम्प्युटरवर होती. आणि साक्षीच्या टेबलावर तसलीच एकच वडी होती, रूपालीची बघून केल्यासारखी दिसणारी. पाहुण्यांनी ती बघितली आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले.

पुण्याची जागा रूपालीला मिळाली.

संध्याकाळी साक्षी स्टँडवर जयसिंगपूरच्या गाडीची वाट बघत बसली होती, तेव्हा रूपाली आली. धापा टाकत आली, रिक्षातनं उतरून पळत.

"माझ्याकडं दुसरी वाट नव्हती गं," ती म्हणाली. "तू हुशार हायस. तुला कुठंबी मिळंल. माझं लगीनच लावून टाकलं असतं."

साक्षीला ओरडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, झिंज्या धरायच्या होत्या. दिवसभर तिनं मनातल्या मनात ते सगळं केलं होतं. पण आता तिला एकच गोष्ट पाहिजे होती.

"एक सांग," ती म्हणाली. "कुंकू लावलंस, तवाच ठरवलंतंस का?"

रूपाली रडायला लागली. पण ह्या वेळी खोटं बोलली नाही.

"न्हाई गं. शपथ. तवा मी खरंच तुझ्यासाठी लावलंतं."

आणि साक्षीला वाटलं, ही हो म्हणाली असती तर किती बरं झालं असतं. पहिल्यापासनं ढोंगी होती म्हणून थुंकून टाकता आलं असतं. पण ते बोट मायेचंच होतं, आणि त्याच मायेच्या डागाला धरून हिनं चारचौघांत तिला तिच्या जातीची आठवण करून दिली होती. आता ह्या माणसाच्या मायेचं करायचं काय? गाडी लागली. साक्षी चढली, खिडकीकडं बसली आणि स्टँड मागं पडेपर्यंत बाहेर बघितलं नाही.

घरी बाबासोनं विचारलं, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की झालं नाही. आईचा अंगठा पुण्याला गेला, हे सांगायचा तिला धीर झाला नाही. रात्री ती जेवली नाही. सकाळी उठली तेव्हा आई चुलीपुढं बसलेली, कढईत भाजी परतत होती आणि शेजारी रोजच्यासारखे दोन डबे उघडे मांडलेले. मोठा तिचा, छोटा रूपालीचा. कांदा अजून चिरलेला नव्हता. तो नेहमी छोटा डबा भरल्यावर, मागनं पडायचा.

साक्षीनं छोटा डबा उचलला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिला.

"काय गं? रूपाली येणार न्हाई का आज?"

"येईल," साक्षी म्हणाली. मग विळी ओढून तिनं स्वतःच कांदा चिरायला घेतला. "आई, आजपासनं कांदा आधीच घालत जा."